माळावरच्या सकाळी: नव्याने निघणाऱ्यांसाठी

शुगरचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी ‘चाला’ म्हणून सांगितलं आणि तुम्ही बायपासच्या कडेनं कानात इअरफोन घालून झपाझप चालायला लागलात, तर चांगलंच आहे. चालत राहा. हा लेख त्याच्या पुढचा आहे. रोज तासभर बाहेर असूनही आपण काहीच न बघता घरी येतो, असं ज्याला कधीतरी वाटलंय, त्याच्यासाठी. देवघरात बसलं की मन थाऱ्यावर राहत नाही पण उघड्यावर जरा निवतं, असा ज्याचा अनुभव आहे, त्याच्यासाठीही.

आपल्या मराठवाड्यात पहिली शंका ठरलेली असते: “इथं काय आहे बघायला?” कोकणात समुद्र, सह्याद्रीत धबधबे, आपल्याकडे मुरमाड माळ, बोडक्या टेकड्या आणि उन्हाळ्यात टँकर. मला वाटतं, सुरुवात करायला हाच मुलूख बरा. कोकण पहिल्याच दिवशी सगळं दाखवून मोकळं होतं. आपला माळ ओळख झाल्याशिवाय काही दाखवत नाही, आणि ओळख व्हायची तर त्याच त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन थांबावं लागतं. चालणं कमी, थांबणं जास्त. खालच्या सगळ्या पायऱ्या या थांबण्यासाठी आहेत.

१. जागा एकच धरा, आणि घराजवळची

गाडी काढून जावं लागेल अशी जागा निवडू नका. आठवड्यात कंटाळाल. घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल असं काहीही चालतं: गावाबाहेरचं गायरान, पाझर तलावाचा बांध, ओढ्याकाठची पांदण, जुनं चिंचबन किंवा आमराई. शहरात असाल तर छत्रपती संभाजीनगरला हिमायत बाग, सलीम अली सरोवराचा काठ, गोगाबाबा टेकडी; नांदेडला गोदावरीचा घाट. आमच्या अंबाजोगाईकडे तर घरामागून बालाघाटाचा उतारच सुरू होतो.

जागेत तीन गोष्टी असाव्यात. पूर्व-पश्चिम दोन्ही क्षितिजं दिसावीत, निदान एक मोठं झाड असावं आणि बसायला दगड किंवा बांध असावा. पाणी असेल तर दुधात साखर. गेटबंद आवार असेल, म्हणजे विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, वनखात्याची रोपवाटिका, तर आत सोडण्याची वेळ आधी दिवसा जाऊन विचारून या. पहाटे अंधारात वॉचमनशी हुज्जत घालून सुरू झालेली सकाळ वाया जाते.

जागा दिवसाउजेडी एकदा नीट चालून बघा. विहिरी कुठं आहेत हे कळायला हवं. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी कमी नाहीत.

२. घड्याळ आकाशाला लावा

‘रोज साडेपाच’ असा नियम केला तर डिसेंबरात मिट्ट अंधारात आणि जूनमध्ये जवळपास उजाडल्यावर पोचाल. संभाजीनगरला जूनच्या सुरुवातीला सूर्य ५:४५च्या आसपास उगवतो, जानेवारीत ७ वाजून गेल्यावर. नांदेड त्याच्या सुमारे दोन रेखांश पूर्वेला, त्यामुळे तिथं सात-आठ मिनिटं आधीच उगवतो. पंचांगात किंवा फोनवर आपल्या गावाची सूर्योदयाची वेळ बघा आणि त्याच्या अर्धा तास आधी जागेवर हजर राहा. तांबडं फुटल्यापासून सूर्य कासराभर वर येईपर्यंतचा काळ आपला. त्यानंतर चालायचं तितकं चाला.

रात्री अकरापर्यंत मोबाइल बघत बसलात तर यातलं काही होणार नाही. एवढंच सांगतो.

३. सोबत काय घ्यायचं

- बंद बूट आणि जाड मोजे. वेड्या बाभळीचा काटा चपलेचा तळ आरपार काढतो. पावसाळ्यानंतर कुसळं मोज्यात घुसतात, ती घरी आल्यावर चिमट्यानं काढावी लागतात.
- टॉर्च. मोबाइलचा नको, वेगळा.
- हातात काठी. कुत्र्यांसाठी आणि गवतात पुढं आपटत जाण्यासाठी.
- उपरणं किंवा गमछा. थंडीत कानाला, उन्हात डोक्याला, बसायला खाली.
- लहान वही आणि पेन्सिल. पेन थंडीत आणि दवात दगा देतं.
- पाण्याची छोटी बाटली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात गुळाचा खडा, आणि उपाशीपोटी निघावं की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

कागदपत्रं म्हणाल तर आधार कार्डाची झेरॉक्स आणि तिच्या मागे घरच्या माणसाचा फोन नंबर व आपला रक्तगट. चोऱ्यांची चर्चा चालू असली की गावोगाव रात्रीची गस्त असते आणि पहाटे दिसलेला अनोळखी चेहरा थांबवला जातो. अशा वेळी कागद दाखवून शांतपणे बोललं की विषय संपतो. अभयारण्यात जाणार असाल तर मूळ ओळखपत्र हवं आणि प्रवेश शुल्काचे सुटे पैसेही.

दुर्बीण लगेच घेऊ नका. दोन-तीन महिने गेल्यावर खरंच हवीशी वाटली तर घ्या.

४. पहिले दिवस: कान, मग पश्चिम, मग एक झाड

लोक इथंच घाई करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला आठवडाभर फक्त ऐका. जागेवर पोचा, दगडावर बसा, डोळे मिटले तरी चालेल. सगळ्यात आधी, अंधार असतानाच, बहुतेक कोतवाल बोलायला लागतो. शेपटी दुभंगलेला काळा पक्षी, तारेवर तुम्ही हजारदा पाहिलेला. मग दयाळ शीळ घालतो. त्याच सुमाराला पिंगळ्यांची जोडी भांडल्यासारखा कलकलाट करत आपल्या ढोलीत परतते. उजाडायला लागलं की बुलबुल, साळुंक्या, कावळे. पाण्याजवळ असाल तर टिटवी तुमच्यावर ओरडेल, कारण तिच्या लेखी तुम्ही घुसखोर आहात. सातभाई उशिरा उठतात आणि आल्याबरोबर गोंधळ घालतात. वेडे राघू ऊन पडेपर्यंत तारेवर एकमेकांना खेटून बसलेले असतात.

नावं येत नसली तरी अडत नाही. वहीत ‘दोनदा शीळ, मग खरखर’ असं लिहा. आवाजावरून पक्षी ओळखणारं ‘मर्लिन’ नावाचं ॲप मोबाइलवर मिळतं, चांगलं आहे, पण ते घरी आल्यावर उघडा. माळावर उघडलंत की तुम्ही पक्षी सोडून पडदा बघत बसता. पक्ष्यांच्या रोजच्या आवाजांच्या क्रमवारीत एक दिवस काही तरी चुकल्यासारखं वाटेल, एखादा आवाज आला नाही असं. तेव्हा समजा, की कान तयार झाला.

मग पश्चिमेकडं बघा. सगळे पूर्वेला तोंड करून सूर्याची वाट बघतात. आकाश निरभ्र असेल तर सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पाठ फिरवा. पश्चिमेच्या क्षितिजाला लागून निळसर राखाडी पट्टा दिसेल आणि त्याच्या वर फिकट गुलाबी. तो खालचा पट्टा ढग नाही, धूरही नाही. ती पृथ्वीची सावली आहे, हवेवर पडलेली. सूर्य पूर्वेला जसजसा वर सरकतो तसतशी ती इकडं खाली खाली जाते आणि सूर्य उगवता उगवता जमिनीत विरते. आपण ज्या गोलावर उभे आहोत त्याची सावली बघायला ग्रहणाची वाट बघावी लागत नाही, रोज सकाळी दिसते. त्यासाठी सपाट क्षितिज लागतं, आणि ते आपल्याकडं मुबलक आहे. डोंगरात राहणाऱ्याला हे सुख सहसा नाही.

पौर्णिमेच्या पहाटे तर याच पट्ट्याच्या आसपास चंद्र मावळत असतो आणि मागं सूर्य उगवत असतो. वर्षातून बारा वेळा ही संधी येते. पावसाळ्यातल्या तीन-चार ढगात जातील, बाकीच्या सोडू नका.

मग एक झाड धरा. कडुलिंब, पळस, बाभूळ, हिवर, काहीही. रोज त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहायचं आणि कालच्यापेक्षा काय वेगळं आहे ते एका ओळीत लिहायचं. सुरुवातीला ‘काही नाही’ असंच लिहाल. लिहा. लिंबाला जुनी पानं पिवळी पडून गळताना तांबूस कोवळी पालवी फुटते, ती एका रात्रीत येत नाही. पण वहीत ‘काही नाही’, ‘काही नाही’, आणि एकदम ‘शेंड्याला लाल’ अशी नोंद येते. आपलं लक्ष किती ठिसूळ आहे हे त्या तीन ओळींत दिसतं. मला तरी प्रवचनापेक्षा हे जास्त लागू पडलं.

५. माणसं भेटतील, त्यांच्याशी कसं वागायचं

“काय पाहुणं, कुणीकडं चाललाव?” हा प्रश्न येणारच. “फिरायला” म्हटलं की पुढचा प्रश्न “जमीन घ्यायचीय का?” पहाटे शिवारात उगाच हिंडणारा माणूस म्हणजे एकतर प्लॉटवाला, नाहीतर मोजणीवाला, असा समज आहे आणि तो निराधार नाही. सरळ सांगा: “नाही मामा, पाखरं बघतो.” हसतील. चार दिवसांनी तेच मामा तुम्हाला बोलावून विहिरीतल्या कपारीतलं घुबड दाखवतील.

पिकात पाय टाकायचा नाही, बांधावरून चालायचं, फाटक उघडलं तर परत लावायचं. बोरं, चिंचा, हुरडा विचारल्याशिवाय तोडू नका.

आणखी एक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही. कागदावर गाव हागणदारीमुक्त झालं असलं तरी अनेक गावांच्या एका बाजूला बाया अंधारात बाहेर जातात. ती दिशा कोणती हे गावात कळतंच. त्या वेळी त्या वाटेनं जायचं नाही आणि तिकडं टॉर्च मारायचा नाही.

बायकांनी निघताना दोघी-तिघींनी मिळून, पूर्ण उजाडल्यावर निघावं असं मी सुचवतो, आणि त्यात काही कमी पडत नाही. गप्पा मात्र येताना मारा. जाताना सूनबाईचा विषय निघाला की कोतवाल, दयाळ सगळे गेले.

६. जिथं फसगत होते, जिवावर बेततं

साप. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडं आहेत. घोणस बांधावर गवतात वेटोळं घालून पडलेली असते, अंधारात शेणाच्या पोसारखी दिसते आणि पायाखाली आल्याशिवाय हलत नाही. पावसाळ्यात गवतातून चालूच नका, गाडीवाट धरा. चावला तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं नेण्यात वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता १०८ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. आपल्या जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा.

तारा. रानडुकरांनी पीक खाऊ नये म्हणून काही जण शेताभोवतीच्या तारेत रात्री चोरून करंट सोडतात. बेकायदा आहे, माणसं मरतात, तरी चालतं. पहाटे कोणत्याही शेताच्या तारेला हात लावायचा नाही, काठीसुद्धा नाही.

कुत्री. पळू नका, पाठ दाखवू नका, काठी जमिनीला टेकवून उभं राहा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावून घरी बसू नका.

रस्ता. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, बऱ्याचशांना मागं लाल दिवा नसतो. धुक्यात डांबरी रस्त्यानं चालायचंच असेल तर उजव्या बाजूनं, समोरची वाहनं दिसतील असं चाला. उसाच्या फडात अलीकडं बिबट्याही दिसतो, तेव्हा उसाला लागून असलेली पांदण अंधारात टाळा.

७. कोणत्या महिन्यात काय

मृगाचा पाऊस पडला की दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी मोकळ्या मातीत लाल मखमली मृगाचे किडे चालताना दिसतात. किडा म्हणत असलो तरी तो कोळ्यांच्या भाऊबंदांतला, आठ पायांचा. थोडे दिवस दिसतो आणि परत मातीत जातो. याच दिवसांत पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडत असतो. काळ्या रानात मात्र जाऊ नका, एकेका बुटाला किलोकिलोचा चिखल धरतो. मुरमाचा माळ गाठा.

श्रावण-भादव्यात गवत वाढलेलं, साप बाहेर. कमी चाला, बांधावर बसा. दव पडलं की गवतातली कोळ्यांची जाळी दिसायला लागतात. ती काल दुपारीही होतीच.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळांत काकडा चालतो. काकड्याला जाणारे असाल तर आरती झाल्यावर घरी न जाता तसेच माळाकडं वळा. उठायचे कष्ट झालेलेच असतात. थंडीच्या सुरुवातीला शेपटी हलवत चालणारा धोबी पाणवठ्यावर आलेला दिसतो. ज्वारी निसवली, दाणा भरला की भोरड्यांचे थवे येतात. शेतकरी त्यांना गोफणीनं हाकलतो आणि त्याचं बरोबरच आहे. पण ही पाखरं मध्य आशियातून इथवर उडत आलेली असतात, हे आठवून एकदा तो थवा वळताना बघा.

पौषाच्या आसपास हरभऱ्यावर आंब धरते. मालकाला विचारून पहाटे पानांवरून हात फिरवा आणि बोट चाटा, आंबट लागतं. पानं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडतात आणि ते दवात उतरतं. जुन्या बाया धोतराचं कापड रात्री पिकावर अंथरून सकाळी पिळून ही आंब बाटलीत भरून ठेवत, पोटदुखीवर द्यायला. लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण, याच थंडीत येते. त्या दिवशी सगळं गावच शेतात असतं, शांतता विसरा आणि आंबील प्या.

माघ-फाल्गुन मला सगळ्यात आवडतो. पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून फुलतात. झाडावर पान नसल्यानं पक्षी लपत नाही आणि मधासाठी शिंजीर, साळुंकी, कोतवाल, बुलबुल एकाच झाडावर येतात. नवख्यानं पक्षी ओळखायला याच दिवसांत सुरुवात करावी.

चैत्र-वैशाखात लिंबाच्या मोहराचा वास असतो तोवर बसा, आठच्या आत घरी. जागेवर पाण्याचं एक मातीचं परळ ठेवा आणि रोज धुऊन भरा.

८. आणि अध्यात्म?

या पायरीची लोक सगळ्यात जास्त चौकशी करतात. मला यातलं फारसं सांगता येत नाही, पण काय अडतं ते सांगता येतं.

एक, नाम घेत चालणाऱ्यांनी आवाज मनात ठेवावा. स्पीकरवर भजन लावून टेकडी चढणारे रोज दिसतात. देव ऐकत असेलही, पण दयाळ उडून जातो. दोन, श्वास, मंत्र, पावलं सगळं एकदम मोजू नका. बौद्ध परंपरेत चंक्रमण आहे: ठरलेल्या छोट्या अंतरात सावकाश ये-जा करत प्रत्येक पावलाकडं लक्ष ठेवायचं. संभाजीनगरच्या लेण्यांत राहिलेल्या भिक्खूंना ते ठाऊक असणारच. माळावर वीस पावलांची सपाट जागा त्याला पुरते. पायाला जमीन कुठं लागते, एवढंच बघा. तीन, आज काहीच वाटलं नाही म्हणून जागा बदलू नका. बहुतेक सकाळी काहीच वाटत नाही. पाय ओले होतात, भूक लागते, ऑफिसचं आठवतं. वहीत तसं लिहा आणि उद्या परत या.

चौथी गोष्ट फोटोची. सूर्याचा फोटो काढून ‘शुभ सकाळ’ ग्रुपवर टाकण्याची सवय असेल तर पहिला महिनाभर फोन बंद करून खिशात ठेवा. फोटो काढायचा ठरला की मन चौकट शोधायला लागतं, आणि पश्चिमेची सावली कोणत्याही चौकटीत धड येत नाही.

९. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दूर

रोजची जागा पक्की झाल्यावरच हे करा, म्हणजे तिथं काय बघायचं ते डोळ्यांना ठाऊक असेल.

अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दरीत आहे. पावसाळा संपता संपता पहाटे उतरा, पायऱ्या निसरड्या असतात. येडशीजवळचं रामलिंगही असंच दरीतलं; माकडांपासून पिशवी सांभाळा. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४चं. मोर बघायचे तर उजाडताना आत असायला हवं, त्यामुळं वनखात्याकडं आदल्या दिवशी चौकशी करा. कन्नडजवळचं गौताळा मोठं आहे, एकट्यानं जाऊ नका. नांदेडला पहाटे सचखंड गुरुद्वाऱ्यासाठी गोदावरीतून गागर भरून नेतात. त्या परिसरात डोकं झाकलेलं असू द्या आणि मग घाटावर बसा.

पैठणचं जायकवाडी थंडीसाठी राखून ठेवा. १९८६ साली पक्षी अभयारण्य झालेला हा जलाशय जवळपास ५५ किलोमीटर लांब आहे, त्यामुळं ‘धरणावर जाऊन येतो’ म्हणणारे भिंत बघून परत येतात. पक्षी फुगवट्याच्या उथळ काठांवर असतात आणि पाणी जसं उतरेल तसे जागा बदलतात. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, बदकं यंदा कुठल्या गावाच्या काठाला आहेत हे तिथल्या मच्छीमारांना विचारा. डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, स्वेटर आणि डबा घेऊन, आणि शक्यतो मुक्काम पैठणला करा, म्हणजे तांबडं फुटताना काठावर असाल. गाळात मात्र उतरू नका. वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर असतो.